बिनदुधाचे आठ दिवस

सात म्हशींच्या घरात मी सून म्हणून आले, तेव्हा कळलं की इथे सकाळी पेलाभर दूध पिणं हा नियमच आहे. घरच्या म्हशीचं दूध आधी घरच्यांच्या पोटात, मगच कळंबच्या गिऱ्हाइकांच्या डब्यात. नाही म्हणणं म्हणजे लक्ष्मीचा अपमान. मी नाक दाबून पेला रिकामा करायचे आणि गुडगुडतं पोट घेऊन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला जायचे.

माझ्या आठ वर्षांच्या लेकीला मात्र हे सोसणं जमेना. शाळेत प्रार्थना संपायच्या आत ती पोट धरून बसायची. आठवड्यातून दोनदा निरोप यायचा, घेऊन जा. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी तिच्या बाई वर्गासमोर म्हणाल्या, शाळा बुडवायची सोंगं आहेत ही. त्या दिवसापासून शाळेचं नाव काढलं की लेक रडायची. सासूबाईंचा उपाय ठरलेला होता, दूध वाढवा. "पेत राह्यलं की पोटाले सवय होते."

त्याच आठवड्यात मी बारावीला लॅक ओपेरॉन शिकवत होते. आतड्यातल्या जिवाणूला दुधातली साखर मिळाली की ती पचवणारी जनुकं चालू होतात, साखर नसली की बंद. दहा वर्षं हाच धडा, हाच फळा. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, माणसाचं बी असंच राह्यते का? दूध पेलं की बटन चालू?"

उद्या सांगते म्हणाले, आणि संध्याकाळी वाचायला बसले तर स्वतःचाच राग आला. माणसाचं असं नसतंच. दुधाची साखर फोडणारं जनुक सगळ्यांकडे असतं. पण ते चालू ठेवायचं की नाही, हे शेजारच्या जनुकातला डीएनएचा एक छोटा तुकडा ठरवतो. बहुतेक माणसांत लहानपण सरता सरता ते मंदावतं. काहींच्या त्या तुकड्यात एकच अक्षर बदललेलं असतं, त्यांचं जन्मभर चालू राहतं. रोज दूध ओतून कुणाचं चालू होत नाही. सासूबाई सांगत होत्या तो नियम जिवाणूचा होता, माझ्या पोरीचा नव्हता! आणि मी, जीवशास्त्राची बाई, दहा वर्षं दुखऱ्या पोटानं तोच धडा शिकवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तशीच गोठ्यात गेले. "आई, आठ दिवस पोरीचं दूध बंद. दही आणि ताक द्या, विरजणानं त्यातली बरीच साखर आधीच संपवलेली असते."

"म्हंजे तुह्या माहेरचं पोट आलं पोरीले," सासूबाई म्हणाल्या.

माझा पारा चढला. "एकट्या माहेरचं येत नाही. आईकडूनही बंद आणि बापाकडूनही बंद मिळालं, तरच असं होतं. अर्धं या घरचं आहे."

त्यांचा धार काढणारा हात थांबला. मग म्हणाल्या, "आठच दिवस."

आठही दिवस लेक शाळा सुटेपर्यंत शाळेत थांबली. एकदाही निरोप आला नाही. नवव्या दिवशी तिनं लंगडीत आपल्या गटाला जिंकून दिलं आणि फुटलेला गुडघा मिरवत घरी आली. मी अंगणातच ओरडले, "जिंकलो!" शेजारीण घाबरून बाहेर आली. मी तिलाही मिठी मारली.

सासूबाईंनी नातीचा गुडघा धुतला, आणि मला मारेगावला फोन लावायला सांगितला. तिथे त्यांची लेक दिलेली आहे, माझी नणंद. मी स्पीकर चालू करून फोन त्यांच्या हातात दिला.

"बाई, लहानपणी तू दुधाचा पेला पाहून रडे," त्या म्हणाल्या. "म्या तुले मारलं. तुही चूक नव्हती, माय."

मग नणंद हळूच म्हणाली, "आई, मी अजून बी पेतो. तू सांगतलं होतं म्हणून."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि गोठ्यातल्या म्हशींनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजपासून नको पेऊ!"