गावंडे सरांचा माईक आणि ग्रीक मावशी

आमच्या मेहकरच्या रविवार फिल्म क्लबचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. घरात रिकाम्या पिशव्या साठतात तसे साठले. आता क्लब बंद आहे. जो तो मोबाईलवर एकेकटा पिक्चर बघतो, त्यामुळे त्या ग्रीक पिक्चरची आठवण जरा जास्तच येते.

आमची पद्धत अशी: वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर मी चालवायचो. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं वाचून गावंडे सर माईकवर वऱ्हाडीत सांगायचे. सर इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर. पहिल्या रांगेत त्यांची धाकटी बहीण शांताताई, अंगणवाडी सेविका. पंधरा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून भावाकडेच. नांदुऱ्याच्या एका विधुर पोस्टमास्तरांनी त्यांना मागणी घातली होती आणि सर दोन वर्षं नुसतं "पाहू" म्हणत होते. क्लबात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण सरांपुढे बोलणार कोण?

* * *

पिक्चर ग्रीसच्या एका बेटावरचा. प्रेमाचा, हसवणारा. हिरोईन म्हणजे बेकरीवाली चांगली जाडजूड पोरगी. अर्धा तास झाला तरी साहेबराव विचारतोच आहे, "सर, हिरो कवा येते?"

"पयल्यापासून होडी दुरुस्त करून राह्यला, तोच हिरो. आफ्रिकेतून आलेला हाये."

साहेबराव शेतकरी, उन्हात रापलेला. त्यानं पडद्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाला, "मंग मले तो हिरो काऊन नाही वाटला? मी त त्याच्याहून काळा हाये."

सगळा हॉल हसला. साहेबराव हसला नाही.

* * *

हिरोईनची मैत्रीण व्हीलचेअरवर होती. आम्हाला वाटलं, आता ही रडणार, मग चमत्कार होऊन चालायला लागणार. कसलं काय! ती निघाली एक नंबरची भांडखोर. खोटं बोलून बोटीतून फुकट फिरली, वर मैत्रिणीचा ड्रेसही ढापला.

तहसीलमधल्या आमच्या रेखाताई कुबडी घेऊन चालतात. त्या इतक्या खूश झाल्या, की विचारू नका. म्हणाल्या, "पिक्चरमधी माह्यासारखी बाई एक त देवी, नाही त बिचारी. हे चोट्टी हाये. लय बरं वाटलं."

* * *

चहाच्या वेळी साहेबराव तावातावानं म्हणाला, "आपल्या पिक्चरमधी वऱ्हाडी बोलनारा मानूस असते, पन तो नोकर असते, नाही त येडा."

सर बशीत चहा ओतत म्हणाले, "म्हनून त म्या त्या ग्रीक लोकायले वऱ्हाडी बोलाले लावलं. पाह्य, कसे साहेब दिसून राह्यले."

* * *

चहानंतर आली हिरोईनची विधवा मावशी. बोटीचा कॅप्टन रोज तिच्याकडे पाव घ्यायला यायचा आणि पाव विसरून जायचा. खाली अक्षरं स्वच्छ होती: त्याचं तिच्यावर प्रेम होतं. सर अडखळले. खाकरले. आणि माईकवर म्हणाले, "हा मावशीचा भाऊ हाये."

इंग्रजी वाचता येणारे आम्ही तिघं-चौघं. सगळे एकदम खाली बघायला लागलो. मला सरांचा रागही आला आणि कीवही आली. तेवढ्यात लाईट गेली, आणि उरलेला पिक्चर पुढच्या रविवारवर ढकलला.

* * *

पुढच्या रविवारी हॉल भरलेला. बंदरावर मावशी उभी. कॅप्टन आला, टोपी काढली आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. माईक गप्प.

शांताताई हळूच म्हणाल्या, "दादा, भाऊ असा गुडघ्यावर काऊन बसला?"

कुणीही हसलं नाही. सरांनी एकदा शांताताईंकडे पाहिलं. मग माईकवरच म्हणाले, "चुकलं माह्यं. भाऊ नाही तो. लगन करतं का म्हून इचारून राह्यला." आणि मला हात केला, "थांबव."

मी पिक्चर थांबवला. सरांनी माईक खाली ठेवला, खिशातून मोबाईल काढला, चष्मा सारखा केला.

"शांते, त्या नांदुऱ्याच्या पोस्टमास्तरचा नंबर भेटन का कुठं?"

शांताताईंनी ना पर्स उघडली, ना मोबाईल पाहिला. पडद्याकडे बघत दहाच्या दहा आकडे एका दमात सांगितले.