कोरड्या काचेवरचे वायपर
आज कारमध्ये बसताना चुकून हात लागला आणि कोरड्या काचेवर वायपर खरखरले. बाबांच्या जुन्या गाडीचं कंट्रोल युनिट बिघडलं, तेव्हा भर मे महिन्यात तिचे वायपर असेच आपोआप हलायचे. अरुंद गल्लीतून बाबा गाडी मागे घेत ऑफिसला निघाले की फाटकातून आई मला म्हणायची, "पाह्य वं, गाडी तुले बाय-बाय करून राहिली!" एका रविवारी कडुनिंबाखाली आम्ही बाप-लेकीनं बॅटरीची वायर सोडवली आणि तापल्या प्लास्टिकच्या वासात डॅशबोर्डखाली डोकं खुपसून नवं युनिट बसवलं. बाबा घाम पुसत वायपरांना म्हणाले, "आता हलून दाखवा!" बाबा गेल्यावर कन्हानच्या एकानं ती गाडी विकत घेतली. तोही ती गल्लीतून मागे घेत गेला. वळणापर्यंत तिचं तोंड माझ्याकडे होतं, पण वायपर हलले नाहीत. इतकं पक्कं काहून बसवलं, बाबा?