राणे आजींनी दुरुस्त केलेला दुसरा अंक

"माका बाहेर काढ रे बाबा, जीव घुसमटता माझो."

आतून हाताने पत्रा बडवल्याचा आवाज येत होता. बोरिवलीतली सात मजल्यांची सोसायटी. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकलेली. आत पंचाहत्तरीच्या राणे आजी, एकट्या. बाहेर सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई, हातात लोखंडी पहार. आणि जिन्याच्या पायरीवर माझी नऊ वर्षांची मुलगी सई, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये.

सई तिथे असायला नको होती. मी लिफ्टचा सर्व्हिस टेक्निशियन. बोरिवली-दहिसरच्या चाळीस बिल्डिंग माझ्या 'रूट'वर आहेत, म्हणजे त्यांची देखभाल माझ्याकडे. बायको नर्स. त्या शनिवारी तिची सकाळची ड्यूटी लांबली. मी सईला शाळेतून घेऊन घरी सोडायला निघालो होतो आणि वाटेत हा कॉल आला. बिल्डिंग तीन मिनिटांवर होती. मी स्कूटर वळवली.

"दरवाजा तोडो ना यार. बुढी औरत है, कुछ हो गया तो?" शहाभाई म्हणाले.

"पहार खाली ठेवा आधी," मी म्हणालो. "तिसऱ्या मजल्याचा दरवाजा उघडला तर लिफ्टच्या तळाखाली पोकळी आहे. उतरताना आजींचा पाय मागे सरकला तर त्या थेट खाली खड्ड्यात जातील."

लिफ्ट अडकली की लोकांना वाटतं आतली हवा संपणार. तसं होत नाही. तो हवाबंद डबा नसतो. दिवा आणि पंखाही चालू होते. जीव जातो तो घाईत बाहेर काढताना. नियम असा आहे की छतावरच्या मशीन रूममध्ये जायचं, पॉवर बंद करायची, एकाने ब्रेक सोडायचा आणि दुसऱ्याने हाताने चाक फिरवून लिफ्ट जवळच्या मजल्याला आणायची. हे काम दोघांचं. एकट्याने करायचं नाही, म्हणजे नाही. माझा जोडीदार इरफान मालाडला होता. त्याने पस्तीस मिनिटं सांगितली.

तेवढ्यात आमचे मॅनेजर परब साहेबांचा फोन.

"सेक्रेटरीने कंप्लेंट केली. म्हणतो तू मुलगी घेऊन आलायस. खरं?"

"हो साहेब."

"साइटवर मूल? वाट लागेल तुझी. आणि लिफ्ट अडकलीच का? नाटकाच्या नादात मेंटेनन्स राहिला काय?"

ते मला झोंबलं. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं की मी मुलांसाठी नाटक लिहितोय. सईचा कराटे क्लास आठवड्यातून दोनदा असतो. त्या पाऊण तासात मी बाहेर स्कूटरवर बसून फोनमध्ये लिहायचो. नंतर त्याची प्रिंट काढायची. असं करत आठ महिन्यांत दोन अंक झाले. मुलुंडला मुलांची नाटकं बसवणाऱ्या कुलकर्णी मॅडमना ते दिलं. पहिला अंक त्यांना आवडला. दुसऱ्यावर लाल पेनाने लिहून आलं, 'इथे नाटक पडतं.' सोमवारपर्यंत दुरुस्त करून द्या, नाहीतर दुसरी संहिता घेते, असा निरोप होता. सईचं मत त्याहून थोडक्यात होतं. "बोअर आहे, बाबा."

मी साहेबांना म्हणालो, "आधी आजींना काढतो. मग बोलू."

आजींचं बडवणं वाढलं होतं. मी दाराशी बोलत राहिलो. नाव विचारलं, गाव विचारलं. कणकवलीजवळचं गाव, मालक गिरणीत होते, एवढं कळलं. मग त्या रडायलाच लागल्या.

सई उठून माझ्या शेजारी आली. तिने माझ्या बॅगेतून प्रिंट काढली होती.

"मी वाचू का त्यांना?"

"हे? आत्ता?"

"तुझ्याकडे दुसरं काय आहे?"

तिला बंद दारापासून दोन पावलं लांब उभं केलं. तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली. नाटक असं आहे: एका गावातलं चिंचेचं झाड एक दिवस संप पुकारतं. कोणालाही सावली देणार नाही म्हणतं. पारावरचे म्हातारे, पत्ते खेळणारे, शाळेचा वर्ग, सगळे उन्हात. सई प्रत्येकाचा आवाज वेगळा काढत होती. सरपंच झाडाला नोटीस देतो तिथे आतून आवाज आला.

"नोटीस खंय चिकटवल्यान? झाडाकच?"

"हो आजी, झाडालाच."

आजी हसल्या. बडवणं थांबलं. जिन्यात चार-पाच शेजारी जमले, शहाभाईही भिंतीला टेकून ऐकू लागले. पहिला अंक संपला. दुसऱ्या अंकात मुलं झाडासमोर येऊन भाषणं करतात. तू किती चांगलं, आम्हाला तुझी किती गरज. सईने दोन पानं वाचली आणि आजींनी तिला अडवलं.

"थांब गो चेडवा. सगळी पोरां आपलाच बोलतत. त्या झाडाक कोणी इचारल्यान काय, बाबा रे, तुका काय व्हया?"

सईने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून पेन काढलं आणि जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. आठ महिने मी मुलांना बोलायला लावत होतो. झाडाला काय हवंय ते कोणी विचारलंच नव्हतं, दुसऱ्या अंकात त्याला एकही वाक्य दिलं नव्हतं.

इरफान धापा टाकत आला. सईला शहाभाईंकडे सोपवून आम्ही वर गेलो. त्याने ब्रेक सोडला, मी चाक धरलं. दोरखंडांवर प्रत्येक मजल्यासाठी पिवळ्या रंगाची खूण असते. ती खूण जुळेपर्यंत इंच इंच फिरवायचं. खूण जुळली. इरफानने ब्रेक लावला. मी चौथ्या मजल्यावर येऊन किल्लीने दार उघडलं. आजी घामाने भिजलेल्या, पण ताठ उभ्या. बाहेर येऊन त्यांनी आधी सईचा गालगुच्चा घेतला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बिघाड सापडला. तिसऱ्या मजल्याच्या दाराच्या लॉकचा कॉन्टॅक्ट झिजला होता. दार लागलंय की नाही हे यंत्राला कळेना, म्हणून लिफ्ट जागीच थांबली. मी सर्व्हिस रिपोर्टची फाइल काढली. मागच्या भेटीत मीच लिहिलं होतं, 'लॉक बदलणे आवश्यक.' खाली सेक्रेटरींची सही. लॉक बदलायला सोसायटीने अजून होकार दिला नव्हता. शहाभाईंनी सही पाहिली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कल ही लगा दो." मी रिपोर्टचा फोटो परब साहेबांना पाठवला. त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं. "बरं."

रविवारी सकाळी मी आणि सई जेवणाच्या टेबलावर बसलो. झाडाची वाक्यं ती बोलायची, मी लिहायचो. भाषणं सगळी काढली. दुपारी बायको ड्यूटीवरून आली तेव्हा तिला वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत बसली, आणि कुकर लावायचा राहिला. रात्रीच ते कुलकर्णी मॅडमना पाठवलं. सोमवारी त्यांचा फोन आला. "हे तुम्हीच लिहिलंत?" मी खरं ते सांगितलं.

मे महिन्यात मुलुंडला प्रयोग झाला. हॉल भरला, मागे लोक उभे राहिले. झाडाला पहिल्यांदा विचारलं जातं त्या वाक्याला टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत राणे आजी उठून उभ्या राहिल्या आणि आजूबाजूच्यांना सांगू लागल्या, "ह्यां माझा वाक्य." पडदा पडल्यावर सगळ्या मुलांनी त्यांना स्टेजवर नेलं. सई विंगेत उभी होती, मी तिच्या मागे.

परब साहेबही सहकुटुंब आले होते. साइटवर मूल नेल्याबद्दल त्यांनी मला लेखी वॉर्निंग दिली होती. ती बरोबरच होती. सई आता शनिवारी शेजारच्या काकूंकडे थांबते.

लिहिणाऱ्यांना एवढंच सांगेन. लिहिलेलं कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवावं. ऐकणाऱ्याला उठून जाता येत नसेल तर खरं मत लवकर कळतं.