विम्याच्या तपासणीआधीचा शिरा

नळीतलं निळं पाणी विटकरी झालं, तेव्हा विमा एजंट मिश्राजी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"डॉक्टर साब, ये लाल क्यों हो गया?"

"लघवीत साखर आहे म्हणून."

मिश्राजींचं तोंड उतरलं. त्यांचं गिऱ्हाईक, दवनीवाड्याचे सोमाजी पटले, समोर स्टुलावर बसून सदऱ्याची बटणं लावत होते. बाजूला त्यांची बायको भागरताबाई उभी होती.

गोंदियात माझा छोटा दवाखाना होता. त्याशिवाय विमा कंपनीसाठी मी मेडिकल एक्झामिनर म्हणूनही काम करायचो. कोणी आयुष्याचा विमा मागितला, की कंपनी आधी त्याला माझ्याकडे पाठवी. वजन, छाती, ब्लडप्रेशर, लघवी. लघवी निळ्या औषधात घालून तापवायची. साखर असली की रंग बदलतो. जितकी जास्त, तितका लाल.

विमा हवा होता तो भागरताबाईंना. सोमाजींचा थोरला भाऊ पंचेचाळिशीत गेला. कशानं गेला, ते कोणालाच कळलं नाही. आता सोमाजी त्याच वयाचे आणि पोरं लहान. बाईंनी टुमणं लावून नवऱ्याला इथवर आणलं होतं.

"शिऱ्याची साखर असंल जी ते," त्या म्हणाल्या.

"कसला शिरा?"

"आठ दिवसापासून चारून राहिली मी यायले."

मग उलगडा झाला. बैल बाजारात न्यायचा तर आधी त्याला ढेप-सरकी चारून तुकतुकीत करतात. नवऱ्याला कंपनी पारखणार म्हटल्यावर बाईंनी तोच शिरस्ता चालवला. रोज गुळाची खीर, तिळाचे लाडू आणि आज निघताना तूप सोडलेला शिरा. कंपनीला माल वाळका दिसू नये! मला हसू आवरेना, आणि त्या बाईची मायाही वाटली.

मिश्राजींना आधारच सापडला. "देखा? शिरा है. थोड़े दिन बाद फिर जांच लो."

"मिश्राजी, धडधाकट माणसानं परातभर शिरा हाणला तरी तो अंगी लागतो. लघवीत उतरत नाही."

मी सोमाजींकडे वळलो. "रात्री उठावं लागतं का?"

"उठतो ना जी. गर्मी होऊन राहिली. पानी पेतो, मंग उठा लागते."

बाहेर पौषाची थंडी होती. मिश्राजी कोटाची कॉलर वर करून बसले होते.

मी वहाणा काढायला सांगितल्या. सोमाजी बिचकले. "पाय कायले पाह्यता? पायाचा का विमा आहे?"

अंगठ्याशेजारी हळदीचा लेप होता. पुसला तर खाली ओली जखम. धान कापताना शेतात खुंट रुतला होता, दिवाळीच्या सुमाराला. मी कडेला सुई टोचून विचारलं, "दुखलं?"

"नाई."

दुखायला हवं होतं. मधुमेहात पाय बधिर होतात, जखम चिघळते आणि पुढे पाय कापायची पाळी येते. चिखलात उभं राहून धानाची रोवणी करणाऱ्या माणसाला हे सांगणं जड गेलं. पण सांगितलं.

भागरताबाई वाकून ती जखम बघू लागल्या. "मीच गोड चारलं यायले..."

"रोग आधीचा आहे, बाई. तुम्ही हट्ट धरला नसता तर हा पाय मला दिसलाच नसता."

इन्सुलिन, रोजची पट्टी, पथ्य. गोड बंद, हे सोमाजींनी निमूट ऐकलं. पण भात निम्म्यावर आणा म्हटल्यावर उसळले. "भात नाई खाचा त धान कायले पिकवतो मी? मेलो त मेलो!"

"मरा ना," बाई कडाडल्या, "पन माह्या पोरायले विचारून मरा!" आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. "डॉक्टर सायेब, किती वाढाचा ते मले दाखवा."

मी कपाटातली एक वाटी काढून दाखवली. ती त्या घेऊनच गेल्या.

कंपनीनं विमा नाकारला. मिश्राजी काही दिवस माझ्याशी फुगून होते. जखम भरायला होळी उजाडली, पण पाय राहिला. पुढच्या पावसाळ्यात सोमाजींनी स्वतः रोवणी केली. मग दर वर्षी मळणी आटोपली की दोघं दवाखान्यात हजर. तपासणी त्यांची, पहारा बाईंचा.

अशाच एका वर्षी सोमाजी स्टुलावर बसेचनात. त्यांनी बायकोला पुढं केलं. "यंदा हिले पाहा जी. हिची नाडी आजवर कोनी पाह्यली नाई."

"मले का झालं? मी त चांगली आहो!"

"मी बी चांगलाच होतो," सोमाजी म्हणाले.

ब्लडप्रेशर चांगलंच चढलेलं निघालं. डोकं दुखतं म्हणून कपाळाला फडकं बांधून ही बाई वर्षभर राबत होती. औषध लगेच सुरू केलं. सोमाजी तिचा हात धरून बसले होते, आणि दवाखान्यात चारचौघं बघत असूनही त्यांनी तो सोडला नाही.

धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही विमा कंपनी तपासल्याशिवाय हात लावत नाही, कारण तो गेला तर तिचं नुकसान असतं. घरच्यांचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं. तरी ते मात्र माणूस आडवा पडल्यावरच त्याला माझ्याकडे आणत.