मागच्या सीटवरची थरथर

...तर काल आपण इथवर आलो होतो, की आनंदरावांनी मोटरसायकलची पुढची काच उतरवली, तरी थरथर काही जाईना. जरा वेग धरला की सगळी गाडी हिवताप आल्यासारखी कापायची. लांबच्या प्रवासाची ती धिप्पाड गाडी त्यांनी विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर घेतलेली. दिवाळीनंतर मित्रांच्या टोळीबरोबर जैसलमेर गाठायचं ठरलं होतं. मागच्या सीटवर इंदुबाई.

इंदुबाई मूळच्या बार्शीच्या. लातूर, भोपाळ, मग जयपूर. नवऱ्याच्या प्रत्येक बदलीला त्यांनी भांडी गुंडाळली आणि प्रत्येक वेळी ऐकलं, "पुढच्या वर्षी नक्की फिरायला जाऊ हं!" ते पुढचं वर्ष एकदाचं उगवलं होतं. साडी चेनमध्ये जाईल म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यांनी जयपूरजवळच्या बगरू गावच्या छापील कापडाचा पंजाबी ड्रेस शिवून घेतला, आणि आरशासमोर उभ्या राहून स्वतःशीच लाजल्या.

गाडी तपासायच्या फेरीला त्याही मागे असायच्या.

"अहो, हँडलमधून नाही हो. माझ्या पायांखालून येतंय. मागच्या चाकाचं बघा ना."

"तू गप बस गं. चालवतोय कोण, मी की तू?"

जयपुरातल्या झालान्याजवळचा मिस्त्री चंदन, तोही विचारायचा ते अंकलजींनाच. पुढचं टायर बदललं, हँडल आवळलं, फरक शून्य. शेवटी आनंदरावांनी एकेक वस्तू काढून बघायला घेतली. आधी बाजूच्या पेट्या काढल्या. मग काच. मग मागे वळून म्हणाले, "उतर बघू जरा."

इंदुबाई तेलकट स्टुलावर बसून राहिल्या. फेरी मारून आनंदराव परत आले ते नाचतच.

"गेली! एकदम मख्खन!"

"मतलब, आंटीजी पीछे हिलती होंगी," चंदन म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसले.

घरी येताना आनंदराव म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको हं इंदू. तुला पुढच्या वर्षी नेतो. कारने."

निघायच्या दिवशी ठासून भरलेल्या पेट्या परत चढल्या आणि इंदुबाईंच्या जागेवर तंबू बसला. त्याची दोरी आवळायला आनंदरावांनी हाक मारली ती त्यांनाच. त्यांनी गाठ मारली. घट्ट मारली.

बगरू मागे पडलं नि थरथर हजर, आधीपेक्षा दुप्पट. खरं तर मागच्या चाकाचं बेअरिंग झिजलं होतं. एकट्याच्या वजनाला ते गप्प राहायचं, मागे भार पडला की कण्हायचं. मित्र थोडा वेळ थांबले आणि पुढे निघून गेले. आनंदराव रखडत, धुळीने माखून दुपारी दारात आले. हेल्मेटही काढलं नाही.

"अगं, चप्पल घाल चटकन. मागे बस, एक फेरी मारू. कुठून येतंय ते तुला कळत होतं ना? तेवढं सांग. दुरुस्त झाली की तुलाच नेतो बघ, देवाशपथ!"

इंदुबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काढून बघितलंत ना? मग आता काढलेलीच राहू द्या. कुठे थरथरतंय ते त्या तंबूला विचारा."