किल्ली द्या, भाऊजी

गाडी घ्यायचं मी ठरवलं ते वाकडच्या एका अंगणात. त्या घरची सून अडली होती. तिचा दीर बैलगाडी घेऊन चिंचवडला माझ्या दवाखान्यात आला. मी हातातलं काम टाकून पिशवी उचलली आणि गाडीत बसले. बैलगाडी चालते तशीच ती चालली. वाटेत एका बैलाने बसकण मारली. त्याला उठवून पवनेच्या पात्रातल्या गोट्यांवरून खडखडत पलीकडे जाईपर्यंत उन्हं डोक्यावर आली. मी पोचले तेव्हा अंगणात बायका उभ्या होत्या आणि कुणालाच घाई नव्हती. आत जायच्या आधीच मला कळलं.

ती एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिला काही अवघड झालं नव्हतं. मी थोडी आधी पोचले असते तर हातपाय धुऊन, चहा पिऊन परत निघाले असते, इतकं साधं होतं.

घरी येऊन मी म्हटलं, मला मोटार घ्यायची आहे. आमचं घर एकत्र. नवरा देहूरोडला लष्करी डेपोत कारकून, आमची मुलं, सासूबाई, आणि मोठे दीर, म्हणजे भाऊजी, आपल्या बायकामुलांसह. मुंबई रस्त्याच्या कडेला तेव्हा कारखाने यायला लागले होते आणि भाऊजी जमिनीच्या दलालीत शिरले होते. ते माझ्याशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही ही जुनी रीत. मी समोर उभी असले तरी ते नवऱ्याकडे बघून म्हणत, "तिला सांग." त्या दिवशीही ते म्हणाले, "तिला सांग, तांगे काय बंद पडलेत?" आणि मग जरा विचार करून, "तसं मोटार असलेली वाईट नाही घरात."

पैसे माझ्या दवाखान्याचे होते. नवी गाडी परवडण्यासारखी नव्हतीच. जुनी, स्वस्त, पण रस्त्यात दगा न देणारी हवी होती. चालवायचं मला येत होतं. लढाईच्या काळात मी पुण्याच्या लष्करी इस्पितळात कामाला होते. तिथे ड्रायव्हर कमी पडायचे, म्हणून एका हवालदाराने आम्हा दोघी-तिघींना रुग्णवाहिका शिकवली होती. तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं की बाईने गाडी कशी चालवायची. लढाई संपल्यावर ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

पुण्यात लष्कर भागात जुन्या गाड्यांचा एक दलाल होता. मी, नवरा आणि भाऊजी असे तिघे गेलो. मी नमस्कार केला. त्याने तो घेतला आणि भाऊजींना खुर्ची दिली. गाडी मोठी होती, हिरवी, पुढचे दिवे सोन्यासारखे घासलेले. भाऊजींच्या डोळ्यांत ती लगेच भरली. मी इंजिनाबद्दल विचारलं तर दलाल भाऊजींना उत्तर देई. मी टायरांबद्दल विचारलं, तो भाऊजींना म्हणाला, "बाईसाहेबांना गाद्या बघू द्या ना. मऊ आहेत."

मी बॉनेटवर हात ठेवला. भाजण्याइतकं गरम. म्हणजे आम्ही येण्याआधी ती बराच वेळ चालू ठेवली होती. जुनी गाडी सकाळी गार असताना कशी सुरू होते हेच तर बघायचं असतं. मी म्हटलं, "ही गार होऊ दे. आम्ही थांबतो. मग सुरू करून दाखवा, आणि समोरच्या चढावर मी चालवून बघते."

दलाल हसला. भाऊजीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. दलालाचं एक वेळ सोडा, तो माल खपवायला बसला होता. पण माझ्या पैशाने गाडी घ्यायला माझ्याबरोबर आलेला माझ्या घरचा माणूस त्याच्या बाजूने हसला. मी उठून बाहेर आले. भाऊजी नवऱ्याला म्हणाले, "हिला आणायलाच नको होतं." मी ते ऐकलं आणि ऐकावं म्हणूनच ते म्हणाले होते.

गाडी शेवटी मिळाली चाकणला. तिथल्या एका कांद्याच्या अडत्याच्या लेकीचं बाळंतपण मी केलं होतं. तिच्याकडून कळलं की वडिलांना डोळ्याने कमी दिसायला लागलंय आणि ते आपली मोटार काढणार आहेत. लढाईच्या आधीची, काळी, छोटी विलायती गाडी. छताला दोन ठिकाणी ठिगळं, मागचा एक दरवाजा सुतळीने बांधलेला. आत कांद्याचा असा वास की डोळ्याला पाणी यावं. भाऊजींनी नाकाला रुमाल लावला.

म्हातारा विचारता झाला, "चालवनार कोन?"

"मी."

"मंग तुमी फुडं या. मी सांगतो ती आईका. ह्यो दरवाजा उघडत न्हाई, त्याच्या नादाला लागू नगा. बिरेक जरा आधी दाबायचा. पावसात डाव्या अंगाला गळती. बाकी इंजिन हाय ते हाय. लावा हँडल."

इंजिन थंडगार होतं. दुसऱ्या फेऱ्यात ते सुरू झालं आणि एका सुरात चालत राहिलं. मी ती खेड रस्त्याने चढाला घातली, परत आणली. कुठे अडखळली नाही. म्हाताऱ्याने मध्ये एकदाही भाऊजींकडे बघितलं नाही. भाऊजी परत येताना मागे कांद्याच्या वासात गप्प बसले होते, आणि मला इतका आनंद झाला होता की मी गाडी कुणाच्या नावावर होतेय तिकडे लक्ष दिलं नाही. नवऱ्याने आपल्या नावावर केली. "सगळं घरातलंच," तो म्हणाला.

पहिले काही महिने सुखाचे गेले. मोशी, चिखली, वाकड, कुठूनही बोलावणं आलं की मी निघत असे. गाडीने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही. माणसं मात्र वेगळी निघाली. भाऊजी कुणाकडून तरी चालवायला शिकले. आधी एका लग्नाला गाडी गेली. मग सासूबाईंना आळंदीला जायचं होतं. मग मुंबईचे शेटजी जमिनी बघायला येऊ लागले आणि त्यांना स्टेशनवरून आणायला, माळरानं दाखवायला माझी गाडी जाऊ लागली. किल्ली माझ्या टेबलावरून भाऊजींच्या कोटाच्या खिशात गेली ती तिथेच राहिली. मला लागली तर मी मागायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, "घरची गाडी आहे. दादाने वापरली तर बिघडलं कुठे?"

बिघडलं ते एका दुपारी. चिखलीहून एक माणूस सायकल मारत आला. दम लागून त्याला बोलता येईना.

"डॉक्टरीणबाई, भैन अडलीया. सकाळधरनं रगात जातंया. चला."

गाडी जागेवर नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "तो शेटजींना घेऊन गेलाय. येईल चहाच्या वेळेला." आणि त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

मी स्टेशनवरचा तांगा केला. त्या माणसाने सायकल दवाखान्याच्या भिंतीला टाकली आणि तो तांगेवाल्याशेजारी बसला. मुंबई रस्ता सोडून आम्ही आकुर्डीच्या अंगाने चिखलीच्या वाटेला लागलो आणि थोड्याच वेळात मला माझी गाडी दिसली. एका आंब्याखाली उभी होती. शेजारी सतरंजी पसरली होती. तिच्यावर एक जाडसर शेटजी, भाऊजी, थर्मास, चहाचे कप, कापलेल्या पेरूंची बशी. किल्ली भाऊजींच्या पुढ्यात रुमालावर ठेवलेली होती.

मी तांग्यातून उतरून गेले. "भाऊजी, किल्ली द्या. चिखलीला बाई अडलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेटजींना म्हणाले, "आमची भावजय. डॉक्टर आहे." खिलारी बैल दाखवावा तसं. मग वर झाडाकडे बघत म्हणाले, "शेटजींना ओढ्यापर्यंतची जमीन दाखवायची राहिलीय. तेवढं झालं की गाडी येईल म्हणावं."

म्हणावं! कुणी कुणाला म्हणावं? तिथे मीच उभी होते.

"ती मरायला टेकलीय," मी म्हटलं.

"बायकांचं हे रोजचंच असतं."

हे त्यांनी सहज म्हटलं. पेरूची फोड उचलता उचलता. ते चिडून ओरडले असते तर कदाचित मी हात जोडले असते. पण त्या सहजपणाने माझं डोकं फिरलं. मी वाकून किल्ली रुमालासकट उचलली. त्यांनी झटकन रुमालाचं दुसरं टोक धरलं. मी ओढलं. कप आडवा झाला आणि चहा शेटजींच्या धोतरावर सांडला.

"जाने दो, जाने दो," शेटजी म्हणाले. त्या गृहस्थांना काय वाटलं कुणास ठाऊक, पण ते उठून बाजूला झाले आणि मला वाट दिली.

मी चिखलीवाल्या माणसाला गाडीत घेतलं. तांगेवाला बघतच राहिला. त्याचे पैसेही मी नंतर पोचते केले. वाट गाडीची नव्हती, दगडधोंड्यांची होती, पण त्या दिवशी मी ब्रेकवर पायच ठेवला नाही म्हटलं तरी चालेल.

मूल गेलेलं होतं. मी पोचायच्या आधीच गेलेलं होतं. बाई पांढरी पडली होती, नाडी हाताला लागत नव्हती. घरात जे करता येण्यासारखं होतं ते केलं आणि म्हटलं, हिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आत्ता. तिची सासू कुरकुरायला लागली तशी तो भाऊ तिच्यावर असा गरजला की ती गप्प झाली. मागच्या सीटवर आडवी घातली, तिचं डोकं भावाच्या मांडीवर.

मुंबई रस्त्याला लागलो तर कडेला भाऊजी आणि शेटजी एसटीची वाट बघत उभे. थर्मास आणि सतरंजी भाऊजींच्या काखेत. त्यांनी हात वर केला. पुढे माझ्या शेजारी एक जागा होती. मी थांबले नाही.

ती बाई जगली. रक्त द्यावं लागलं, पण जगली.

मी घरी आले तेव्हा ओसरीवर सगळे बसले होते. माझीच वाट बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "परक्या माणसासमोर मोठ्या दिराच्या हातातली किल्ली ओढलीस? काय म्हणतील लोक?" भाऊजी म्हणाले, "तिला विचार, व्यवहार फिसकटला तर भरून देणार का?" मग बाहेर जाऊन ते गाडीत डोकावले, आणि परत येऊन म्हणाले, "मागची गादी पार घाण करून आणलीय. धुवून घ्यायला सांग."

नवरा माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "दादाची माफी माग. एक शब्द बोललीस की विषय संपला."

मी सगळ्यांकडे बघितलं. माझ्या साडीवर रक्त होतं. ते सगळ्यांना दिसत होतं. एकानेही विचारलं नाही, की त्या बाईचं काय झालं?

"बाई जगली," मी म्हटलं. "मूल गेलं. कुणी विचारलं नाही म्हणून सांगते."

जाऊबाईंनी तेवढी मान खाली घातली आणि आत जाऊन माझ्या अंघोळीचं पाणी तापवायला ठेवलं.

माफी मी मागितली नाही. गादी मी स्वतः धुतली, कारण ती माझी होती. आणि नवऱ्याला सांगितलं की गाडी माझ्या नावावर कर, नाहीतर दवाखान्यामागच्या खोलीत मी मुलांना घेऊन राहायला जाते. त्याला वाटलं मी दोन दिवसांत निवळेन. मी खोली झाडून घेतली, चूल मांडली. तेव्हा तो सही करायला तयार झाला. त्या दिवसापासून किल्ली माझ्या कमरेला राहिली. झोपतानासुद्धा.

शेटजींनी ती जमीन घेतली. ओढ्यापर्यंतची सगळी. पुढे तिथे कारखाना आला, भाऊजींना दलाली मिळाली, घरावर पत्रे जाऊन कौलं आली. तरी ते पाहुण्यारावळ्यांत सांगत राहिले की भावजयीपायी माझा एक सोन्यासारखा व्यवहार हातचा गेला. लोक ऐकून हळहळत. मी दोन-तीनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. पण घराची अब्रू चव्हाट्यावर मांडते म्हणून मलाच बोल लागला.

पुढच्या वर्षी भाऊजींच्या पोटात एकाएकी कळा सुरू झाल्या. आधी त्यांनी ओवा खाल्ला, मग शेक घेतला, मग गडाबडा लोळायला लागले. मी पोट दाबून बघितलं आणि नवऱ्याला म्हटलं, यांना आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायला हवं, ऑपरेशन लागेल. दोघांनी धरून त्यांना मागच्या सीटवर निजवलं. नवरा पुढे माझ्या शेजारी बसला. रस्त्यात खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला ते विव्हळत होते आणि मी होईल तितकी जपून, पण वेळ न दवडता गाडी काढत होते.

दापोडीच्या पुलावर मागून आवाज आला. कण्हत, पण स्पष्ट.

"तिला सांग, गिअर नीट टाकत नाही ती."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. तो ते मला सांगणार होता. त्याने तोंडही उघडलं होतं. मी म्हटलं, "मला ऐकू येतं," आणि गाडी तशीच पुढे काढली.