ओट्याखालची फळी

थोरलीला गल्लीत शिडी म्हणत. उंचीच तशी होती. कुणाचा दिवा गेला की स्टूल शोधण्याआधी तिला हाक जायची. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड कापायची. साठ थर एकावर एक ठेवून सुरी फिरवली तरी वरच्या आणि खालच्या तुकड्यात सुताचा फरक पडायचा नाही. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघर तिचं. मिठाचा डबा दोन बोटं सरकला तरी "इथे कोणाचा हात लागला?" म्हणून चौकशी बसायची. घरात माणसं किती, तर तीन: ती, बाबा आणि धाकटी बहीण.

धाकटी चार वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडली. पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं तिला काही कळेनासं झालं, ना हालचाल, ना स्पर्श. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत बसून एका छापखान्याची मुद्रितं तपासायची. थोरलीने तिचं सगळं केलं आणि मनापासून केलं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण खरं सांगायचं तर त्या करण्यात एक चोरटं सुखही होतं. "तू नसतीस तर या घराचं काय झालं असतं गं!" असं शेजारीण म्हणाली की थोरली "चालायचंच" म्हणे, आणि तो दिवस तिला बरा जाई.

मग एक दिवस धाकटीने कुणाला न विचारता मिस्त्रीला बोलावलं. मोरीत धरायला दांड्या, दारांचे उंबरे काढायचे, बाहेरच्या पायऱ्यांवर उतार, दिव्यांची बटणं खाली. इथवर थोरलीने मान डोलावली. पण मिस्त्री स्वयंपाकघरात शिरला, त्याने खुर्चीचं माप घेतलं आणि ओट्याच्या पोटावर खडूने रेघ मारली, तेव्हा तिचं डोकं सणकलं.

"ओटा तोडायचाय?"

"खाली घ्यायचाय, ताई," मिस्त्री म्हणाला. "आणि खालून मोकळा ठेवायचा. म्हणजे खुर्ची गुडघ्यांसकट आत जाईल."

"आणि मी काय रांगत स्वयंपाक करू?"

"मला करायचाय स्वयंपाक," धाकटी म्हणाली. "चार वर्षं तू देशील तेव्हा आणि तू देशील तेच खातेय. मला कांदा परतायचाय, ताई. करपला तर माझ्या हातून करपू दे."

"का? माझं काय चुकतं?"

"तेच तर. काही म्हणजे काही चुकत नाही."

बाबा खुदकन हसले. म्हाताऱ्याने तेवढं करायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर निघण्याआधी थोरलीने मिस्त्रीला बाजूला घेतलं. "ओट्याखाली एक फळी ठोका. माझे डबे कुठे ठेवायचे?"

"ताई, गुडघे अडतील हो."

"मापं मला शिकवू नका," असं म्हणून तिनेच टेप लावला. गुडघ्यांवर दोन बोटं जागा सोडली. माणूस खुर्चीत ताठ बसलेला असेल तर तेवढी जागा पुरते. पण शेगडीपर्यंत हात पोचायला पुढे सरकावं लागतं, वाकावं लागतं, चाक जरा जोरात ढकलावं लागतं. उभ्या माणसाचं माप घेऊन बसणाऱ्याची विजार कापू नये, हे थोरली नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवायची. तेव्हा तिला कळलं नाही असं नाही, तिने कळून घेतलं नाही.

ओटा झाला. धाकटी स्वयंपाकघरात शिरली ती तिथलीच झाली. पहिल्या दिवशी कांदा करपला. थोरलीला इतकं हलकं वाटलं की तिने उदार मनाने सगळी भाजी संपवली. पण आठवडाभरात धाकटीचा हात बसला, आणि बसला तो असा की बाबा बोटं चाटायला लागले. तीस वर्षांत थोरलीच्या भाजीवर ते "बरी झालीय" याच्यापुढे गेले नव्हते. आता रोज नवा शब्द! "आज काय घातलंस गं यात?" शेजारीण वाटी घेऊन आली, कृती विचारायला. कुणाला? धाकटीला. "किती जिद्दीची आहे हो तुमची बहीण!" हे मात्र थोरलीला सांगितलं. तीस वर्षं रांधून तिला जे नाव मिळालं नाही, ते हिने आठ दिवसांत बसल्या जागी मिळवलं, हा विचार मनात आला आणि तिची तिलाच लाज वाटली. लाज वाटली म्हणून जळणं थांबलं नाही.

बाकी घरही थोरलीच्या उंचीवर उठलं होतं. आरसाही खाली आला होता, त्यात तिला स्वतःचं पोट दिसायचं. दिवा लावायला गेलं की हात सवयीने वर, भिंतीवर नुसताच फिरायचा. ओट्याशी चहा करायचा तर कंबर वाकवा. कारखान्यातून दमून यावं, स्वयंपाकघरातून खमंग वास यावा, आणि आतून "ताई, हातपाय धू, वाढते मी" असं कुणी म्हणावं. यासाठी जग देव पाण्यात घालून बसतं. थोरलीच्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. ताट हातात घेणारी होण्याची तिला सवयच नव्हती.

रविवारी ती कपडे भिजवायला बसली. धाकटीच्या विजारीवर डाव्या गुडघ्याशी तपकिरी डाग होता. रस्सा सांडला असेल, म्हणून तिने तो चोळला. दुसऱ्या विजारीवर तसाच डाग, त्याच जागी. तिसरीवरही. थोरलीचा हात थांबला. कापडावरचे डाग ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. तिने विजार उलटी केली. डाग बाहेरून आला नव्हता, आतून आला होता.

ती तशीच ओल्या हातांनी आत गेली आणि धाकटीची विजार गुडघ्याच्या वर सरकवली. गुडघ्यावर बोटभर लांबीची जखम, कडा काळपट, मधे ओली. रोज दोन वेळा फळीच्या कडेवर तोच गुडघा घासत होता आणि धाकटीला त्याचा पत्ताही नव्हता.

"काय झालं?" धाकटीने विचारलं. थोरलीने तिची खुर्ची तशीच दाराकडे वळवली.

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, आणखी आठ दिवस गेले असते तर हाडापर्यंत गेली असती, म्हणाल्या. पंधरा दिवस ओट्याशी जायचं नाही.

म्हणजे स्वयंपाकघर परत थोरलीचं झालं. मागितलं होतं ते मिळालं. तिने वाकून वाकून भात केला, भाजी केली. बाबा म्हणाले, "बरी झालीय." पाच दिवस तिला घास गिळवेना. पाचव्या दिवशी ती धाकटीपुढे जाऊन उभी राहिली.

"ती फळी मी मुद्दाम ठोकून घेतली."

धाकटीने पेन्सिल खाली ठेवली. "ठाऊक आहे मला. मिस्त्रीने त्याच दिवशी सांगितलं."

"मग काढून का नाही घेतलीस?"

"इतकं लागेल असं वाटलं नव्हतं." ती जरा थांबली. "आणि खरं सांगू? तू रोज सकाळी बस चुकेल म्हणून गल्लीतून पळत सुटतेस ना, ते मी या खिडकीतून बघते. चार वर्षं बघतेय. रोज वाटतं, एकदा पाय मुरगळावा हिचा. जास्त नाही, एकदाच. मग तू संध्याकाळी घरी येऊन मला वाढतेस आणि ते मी गिळते. तू फळी ठोकलीस ना, तेव्हा मला बरं वाटलं, ताई. म्हटलं, या घरात मी एकटीच वाईट नाही."

थोरलीने हातोडी शोधली आणि फळी उचकटून काढली. डबे जमिनीवर ओळीने मांडून ठेवले.

दुसऱ्या दिवशी ती कामावर निघाली. उशीर झाला होता, बस कोपऱ्यावर येऊन उभी होती, तरी ती खिडकीसमोरून सावकाश, जपून पावलं टाकत चालली. पळायची तिला चोरी झाली होती.

मागे खिडकी उघडली.

"अगं पळ की! माझ्यासाठी काय रांगत जाणार आहेस?" धाकटी ओरडली. "आणि पडू नकोस, अजून दहा दिवस स्वयंपाक तुझ्याकडे आहे!"

थोरली पळाली.